ग्राफ शांत आहे

मंगळवार, ६ ऑक्टोबर

ग्राफवर आज शून्य! नुसती सपाट रेघ. साहेब खुर्चीतून उठून माझ्या टेबलापर्यंत आले, बघून गेले, परत आले. "डोंगर झोपला वाटतं," म्हणाले. दोन आठवडे रेघ चढतच होती. खाणीचा सगळ्यांत खोल बोगदा — सगळे त्याला नुसतं 'तळ' म्हणतात — तिथला खडक कुरकुरत होता, म्हणून काम बंद ठेवलं होतं. आणि आज एकदम चिडीचूप. उद्यापासून तळाचं काम परत सुरू. दादाची तुकडी तिथेच जाणार.

घरी सांगितलं तर वहिनीने शिलाई मशीनचं चाक हाताने थांबवलं. "म्हणजे धोका टळला ना?"

दादा जेवता जेवता म्हणाला, "हिच्या कानांत मळ साचला असेल."

खडकात पुरलेल्या सेन्सरना आमच्या ऑफिसात 'कान' म्हणतात. केसाएवढी चीर पडली तरी त्यांना ऐकू येतं. ते ऐकतात, मशीन लिहून घेतं, मी ग्राफ बघते. एवढीच माझी नोकरी. खाणीत नोकरी करूनही मी आजवर कधी खाली गेले नाही. दादा चिडवतो, "आमची चिमणी वरूनच खाण खोदते!"

गुरुवार, ८ ऑक्टोबर

आजही शून्य. मला हे शून्य पटत नाही. पंप चालतात, ड्रिल चालतं, माणसं नेणारा पिंजरा वर-खाली होतो — काहीतरी खुडबुड असणारच. मेलेल्याच्या नाडीला शून्य असतं. जित्या खाणीला नाही.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

सापडलं. लगेच लिहून काढते, म्हणजे उद्या साहेबांना नीट सांगता येईल.

आमच्याकडे दोन कॉम्प्युटर आहेत. एक कानांचा — जुनाट, पंख्याचा आवाज रिक्षासारखा. कानांच्या वायरी जोडायचं कार्ड फक्त त्याच्यातच बसतं, आणि ते बनवणारी कंपनी कधीच बुडाली. म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. दुसरा ग्राफचा. आणि या दोघांच्या मध्ये एक छोटासा प्रोग्रॅम, कॉपी करणारा. कानांच्या मशीनवरची दिवसभराची फाईल उचलायची, ग्राफच्या मशीनवर नेऊन ठेवायची. शिपाईच म्हणा ना. रोज पहाटे तो फाईल नेतो, त्यावरून आकडा निघतो, आणि तो आकडा बघून माणसं खाली सोडतात.

आज कानांच्या मशीनने डिस्क भरत आल्याची तक्रार केली. म्हटलं, शून्य ऐकणारा एवढं काय लिहितोय? बघते तर कालची फाईल अवाढव्य! नेहमीच्या तिप्पट-चौपट. दोन जीबीच्या वर. परवाचीही तशीच.

शिपायाला दोन जीबीच्या वरचं ओझं उचलताच येत नाही. जुन्या मशीनवर जुना प्रोग्रॅम — ज्याने लिहिला त्याला एवढी मोठी फाईल कधी असेल असं स्वप्नातही वाटलं नसणार. बरं, झेपत नाही म्हणून ओरडावं तरी! तेही नाही. रिकाम्या हाताने जातो, रिकामं पाकीट ठेवतो आणि सांगतो — काम झालं.

म्हणजे खडक थोडा कुरकुरला तर आकडा येतो. आणि फार ओरडला तर शून्य!

दादा आज दिवसभर तळात होता.

शनिवार, १० ऑक्टोबर

साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. पण घाईने काही करायचं नाही, हा त्यांचा स्वभाव.

"फाईल मोठी आहे हे कबूल. पण ती खडकानेच मोठी केली कशावरून? नवा पंप बसवलाय. त्याची घरघर कानांत जात असेल."

असूही शकतं.

"मग फाईल वाचा ना," म्हणाले. "वाचून दाखवा, मी आजच्या आज तळ बंद करतो."

मोठी फाईल कापायची, शिपायाला झेपतील एवढे तुकडे करायचे, एकेक पाठवायचा. त्या म्हाताऱ्या मशीनवर एक तुकडा कापायचा म्हणजे चहा पिऊन, कप विसळून, परत येऊन बसलं तरी चालूच. सुट्टी असूनही उद्या येणार आहे. दादाला म्हटलं, सोमवारी दांडी मार. म्हणाला, "कारण काय सांगू? बहिणीला स्वप्न पडलं?"

सोमवार, १२ ऑक्टोबर

पंप नव्हता.

तुकडे जोडून ग्राफ काढला तेव्हा रेघ कागदाच्या बाहेर गेली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांचा चेहरा चुना फासल्यासारखा झाला. फोन उचलून आधी तळ रिकामा करायला सांगितला, मग मोठ्या साहेबांना कळवलं. आधी विचारलं नाही — आधी केलं, मग कळवलं. हे मी विसरणार नाही.

दुपारी पिंजऱ्यापाशी जाऊन उभी राहिले. दादा वर आला, तोंड काळं, डोळे तेवढे पांढरे. माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेला.

गुरुवार, १५ ऑक्टोबर

तळ बंद. आणि तळात काही म्हणता काही पडलेलं नाही! एक दगड नाही. खडकाची कुरकुरही कमी होत चालली आहे. आता मी सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतेय. मोठे साहेब जिन्यात भेटले, "काय, आज कितीची फाईल?" म्हणाले आणि सोबतचे हसले. जेवणाच्या खोलीत मी गेले की बोलणं थांबतं. एकजण पाठमोरा म्हणाला, "पनवती आली."

पैलवान तेवढा सरळ बोलतो. दादाचा जोडीदार. काडीसारखा माणूस, म्हणून पैलवान. तो म्हणाला, "ताई, तुमच्यामुळे चार दिवस उन्हाचं तोंड बघितलं. बायको म्हणते, तू एवढा गोरा आहेस माहीत नव्हतं!"

दादा मात्र घुश्शात. त्याच्या तुकडीला वर राडारोडा ओढायला लावलंय. दादासारख्या ड्रिलवाल्याने घमेली उचलायची! रात्री जेवताना ताट सरकवलं. "तुझी ती फाईल एकदा जाळून टाक. खडक मी हाताने ओळखतो, चिमणे. वीस वर्षं त्याच्या पोटात काढली. आवाज बदलला की मला कळतं. तुझ्या मशीनला विचारून मी श्वास घेऊ का?"

मीही गप्प बसले नाही. म्हटलं, तुझ्या हाताला कळत होतं तर शून्यावर विश्वास ठेवून गेलास कशाला?

वहिनी दोघांच्या मध्ये भाजीचं भांडं घेऊन उभी. "बाई गं, जेवा तरी."

शुक्रवार, १६ ऑक्टोबर

दादा बोलत नाही. मीही नाही.

सोमवार, १९ ऑक्टोबर

बाहेरच्या कंपनीचा प्रोग्रॅमवाला आला. जाड काचा, म्हणून आम्ही त्याला चष्मा म्हणतो. पोरगेलासा दिसतो, पण हुशार आहे, आणि माझं बोलणं हसण्यावारी नेलं नाही. शिपायाचं पोट फाडून बसला. दुपारपर्यंत दुरुस्त!

मी सगळ्या जुन्या मोठ्या फायली नव्या शिपायाकडून नेऊन बघितल्या. माझ्या तुकड्यांवरून काढलेला आकडा आणि याचा आकडा — तंतोतंत. एकदा नाही, प्रत्येक फाईल. मला रडूच आलं, चक्क.

चष्मा बॅग भरत म्हणाला, "आता दुप्पट झाली तरी उचलेल."

"आणि त्याहून मोठी झाली तर?"

तो हसला. "तेवढी झाली तर तिकडे डोंगरच शिल्लक नसेल, मॅडम."

साहेबही हसले. मीही.

गुरुवार, २२ ऑक्टोबर

आकडा खाली आलाय. खरा आकडा! शून्य नाही — साधा, रोजचा, खुडबुडीचा. मी तुकडे करूनही पडताळला. साहेबांनी तळ उघडला. मी दादाला स्वतःहून सांगितलं, आता जायला हरकत नाही. "हुकूम," म्हणाला आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. म्हणजे अबोला सुटला.

रविवार, २५ ऑक्टोबर

तिघं नदीपर्यंत फिरून आलो. वहिनीने दादाला नवा सदरा शिवलाय, बाही एक लांब एक आखूड. दादाने तोच घातला. "लोकांना वाटेल माझाच एक हात आखूड आहे," म्हणाला. वहिनी इतकी हसली की तिला बाकावर बसावं लागलं.

बुधवार, २८ ऑक्टोबर

काल लिहिता आलं नाही. आजही अक्षर धड येत नाहीये.

तळ कोसळला.

काल सकाळी ऑफिसात गेले तेव्हा आकडा भिंतीवर लागलेला होता. लहान, गुणी आकडा. पहिली पाळी केव्हाच खाली गेली होती. मी पर्स ठेवली. सवयीने कानांच्या मशीनवर फाईल बघितली. चार जीबीच्या वर! एका दिवसात! आणि ग्राफ शांत.

डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला नाही. जुन्या गाडीचा मीटर असतो ना — सगळे नऊ झाले की फिरून शून्यावर येतो आणि परत एकपासून मोजतो. चष्म्याने शिपायाचं ओझं दुप्पट केलं, पण मीटर तोच. चार जीबी भरले की मोजणी परत पहिल्यापासून. मग वरचं जे काही उरतं तेवढंच नेतो. चिमूटभर. त्या चिमटीचा आकडा येतो. शून्य आलं असतं तर पहाटे कुणीतरी दचकलं असतं! लहान आकड्याला कोण दचकतं?

साहेब जागेवर नव्हते, मोठ्या साहेबांच्या मीटिंगला गेले होते. मी तळाला फोन लावला. तळात एकच फोन. मुकादमाने उचलला.

"ताई, आकडा किती आहे?"

"आकडा कमी आहे, पण—"

"कमी आहे ना? मग झालं तर!"

"अहो, फाईल मोठी झालीय—"

"साहेबांचा हुकूम आणा, मी माणसं काढतो. फायलींवर मी माणसं काढत नसतो."

म्हटलं, दादाला द्या. दादाला फोनवर द्या!

बराच वेळ नुसती घरघर. मग दादा. "आता काय?"

मी सांगितलं. फाईल चार जीबीच्या वर गेलीय, आकडा खोटा आहे, सगळ्यांना घेऊन वर ये. त्याने नाकातून हवा सोडली. हसला की काय, कळलं नाही. मग म्हणाला, "बरं. ठेव फोन."

मीटिंगच्या खोलीत बराच वेळ फोन वाजवत राहिले, कुणी उचलेना; शेवटी मी स्वतःच साहेबांना बोलवायला जिना उतरत होते. पायाखालची पायरी हलली. काचा वाजल्या. मग भोंगा.

मुकादम आधीच पिंजऱ्याने वर येऊन बसला होता. दादा, पैलवान आणि आणखी पाचजण तळातच.

गुरुवार, २९ ऑक्टोबर

बचाव पथक आलंय. वरून एक बारीक भोक पाडलं, त्यातून माइक सोडला. काही नाही. मशीन खोदत गेलं तर खडक परत सरकतो. पथकाच्या प्रमुखाच्या डोळ्याला डोळा नाही, पण तो स्पष्ट बोलला — "माझी माणसं पुरून घ्यायला पाठवणार नाही."

चौकशीही सुरू झाली. आमच्या खोलीला सील! दोन्ही कॉम्प्युटर आत चालू, दाराला कागद आणि लाख. साहेबांना घरी बसवलंय. मला रोज हजर राहायचं, पण टेबलाला हात लावायचा नाही. बाहेर बाकावर बसते. दारातून त्या म्हाताऱ्या पंख्याचा आवाज येतो. कान अजून ऐकताहेत.

मुकादमाची जबानी दारापलीकडून कानावर आली. "फोन आला होता. बहीण-भावाचं काहीतरी घरगुती."

घरगुती!

शुक्रवार, ३० ऑक्टोबर

वहिनी मशीनवर बसून असते. दोरा ओवलेला, कापड नाही. आज पहिल्यांदा बोलली.

"फोनवर काय म्हणाला?"

"बरं म्हणाला. ठेव फोन म्हणाला."

"हसला?"

मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, "माहीत नाही गं. बहुतेक."

तिने मान हलवली. "हसलाच असेल," म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी भोंग्यावरून सांगितलं, शोध तूर्तास थांबवत आहोत. तूर्तास म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. फाटकाशी बसलेल्या बायका उठल्या नाहीत.

शनिवार, ३१ ऑक्टोबर

सगळं सांगते. क्रमाने.

सकाळी बाकावर बसले होते. तो पंखा ऐकत. मनात आलं — वरून सोडलेला माइक एका भोकात आहे. माझे कान सगळ्या खडकात आहेत. कोसळल्यापासून त्यांनी जे जे ऐकलं ते आत पडलंय, आणि ते कुणीही बघितलेलं नाही. बघणार कसं? एवढ्या तोडमोडीत फाईल केवढी झाली असेल! शिपाई तिची चिमूटच नेणार. बंद खोलीतल्या मशीनवरून पथकाच्या प्रमुखाला रोज आपोआप जो ग्राफ जातोय तो त्या चिमटीचाच.

चौकशीच्या बाईंकडे गेले. कडक बाई, शब्द मोजून बोलतात. म्हटलं, मला फाईल कापू द्या.

"तुम्ही त्या खोलीत जाऊ शकत नाही. तुमच्यावरही आरोप येऊ शकतो. पुराव्याला हात लावला तर नक्कीच येईल."

"येऊ दे."

"हे तुम्हाला समजतंय का?"

तेवढ्यात दारात साहेब. घरी बसायला सांगितलेला माणूस, दाढी वाढलेली, कोट उलटसुलट बटणांचा. माझ्या वतीने बोलायला आले की स्वतःच्या, कोण जाणे. म्हणाले, "बाई, सील माझ्या हाताने तोडतो. माझं नाव लिहा. ती फाईल वाचू शकणारी एकच व्यक्ती या इमारतीत आहे आणि तिला तुम्ही बाकावर बसवलंय."

बाईंनी त्यांचं नाव लिहून घेतलं. मग उठल्या, स्वतः लाख तोडली. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. "एकेक कळ दाबताना मला मोठ्याने सांगायचं," म्हणाल्या.

कापायला बसले. म्हातारं मशीन कण्हत होतं. पहिला तुकडा, कोसळतानाचा — नुसता काळा पट्टा. बघवेना. दुसऱ्या दिवसाचा तसाच, जरा विरळ. साहेबांनी डोळे मिटून घेतले होते. मग परवाच्या दुपारचा तुकडा. मी एकेका कानाची रेघ वेगळी काढून बघत होते. सगळ्या वेड्यावाकड्या. एका कानाची मात्र —

पाच टोकं. मोकळी जागा. पाच टोकं. मोकळी जागा. पाच.

माझा हात थांबला. बाई म्हणाल्या, "मोठ्याने सांगा."

मी पडद्याकडे बोट दाखवलं. साहेबांनीच सांगितलं. "डोंगर मोजून तुटत नाही, बाई. माणूस ठोकतोय."

तो कान पंपाच्या खोलीपाशी पुरलेला. ठणठणीत खडकात कोरलेली, सिमेंटने मढवलेली एवढीशी खोली. आत पाणी असतं!

आज सकाळचा तुकडा कापला. कापताना देवाचं नाव नाही आठवलं, दादाचा आखूड बाहीचा हात आठवत होता. तुकडा उघडला. पाच. मोकळी जागा. मग चार. मोकळी जागा. तीन. हात दमलाय. पण ठोकतोय!

बाई खुर्ची पाडून धावल्या. खरंच धावल्या, त्या वयात.

पथक जुन्या हवेच्या बोगद्याच्या बाजूने शिरतंय. घरी येऊन वहिनीला सांगितलं. माझी दोन्ही मनगटं तिने इतकी घट्ट धरली की वळ उठलेत.

सोमवार, २ नोव्हेंबर

चारजण जिवंत. पैलवान त्यांत आहे. स्ट्रेचरवर चादरीखाली माणूस आहे की नाही असा.

दादा त्यांत नाही.

एकेक स्ट्रेचर येत होतं आणि वहिनी वाकून तोंड बघत होती. चौथ्यानंतर ती पिंजऱ्याकडे बघत उभीच राहिली. पिंजरा बराच वेळ परत खाली गेला नाही. ठोकणारा हात पैलवानाचा होता.

दादा आज दुपारी सापडला. खूप आत, खडक फोडायच्या तोंडापाशी. सोबत दोघे. पहिल्याच झटक्यात गेला म्हणाले डॉक्टर, त्रास झाला नाही. हे डॉक्टर सगळ्यांनाच सांगत असावेत.

मी ठोके मोजत बसले होते तेव्हा तो केव्हाचाच गेलेला होता.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

दादाला पोचवून आलो.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

खाणीने कागद काढला. चौकशी संपायची आहे, वाचलेल्या चौघांशी अजून कुणाला बोलू देत नाहीत — पैलवानाच्या छातीत धूळ भरलीय, आवाजच नाही — पण कागद निघालासुद्धा! मुकादमाच्या जबानीवरून. त्यात दादाचं नाव घेऊन लिहिलंय की फोनवर बोलून झाल्यावर 'सदर कामगार सूचना नसताना स्वतःहून आतील भागात गेला'. म्हणजे मेला तो त्याच्याच आगाऊपणाने. सोबतचे दोघेही त्याच्यामुळे.

त्या दोघांपैकी एकाची आई बाजारात भेटली. माझ्याकडे बघून रस्ता ओलांडून गेली.

माझ्याही मनात तेच येतं, हे कुठे सांगू? मी म्हटलं वर ये. तो आत गेला. नेहमीसारखा. खडक मी हाताने ओळखतो! मला खोटं पाडायला गेला का दादा? माझ्यावर हसत हसत?

वहिनीने तो कागद घडी घालून मशीनच्या खणात ठेवला. मशीनवर झाकण घातलं.

रविवार, ८ नोव्हेंबर

पैलवानाला आज डॉक्टरांनी बोलू दिलं. बाईंनी मला आणि वहिनीला बोलावून घेतलं होतं. त्याचा आवाज म्हणजे नुसता वारा. बाई वाकून लिहून घेत होत्या. वहिनीने आधी तेच विचारलं, फोनवर हसला का.

"दादा हसला नाही, ताई. फोन ठेवला आणि ओरडला — हत्यारं टाका, सगळे इथे या! मुकादम म्हणाला, हुकूम कुठाय? आणि आपण एकटाच पिंजऱ्याकडे गेला. आम्ही चौघे जवळ होतो, आलो. पुढे दोघे होते, त्यांचं ड्रिल चालू, त्यांना ऐकू जाईना. दादा त्यांना आणायला निघाला. मी दंड धरला. म्हटलं, आकडा तर कमी आहे म्हणतात, कशाला जिवावर उदार होतोस? तर म्हणाला, सोड. चिमणी म्हणते खोटा, म्हणजे खोटा."

वहिनीने विचारलं, "तुम्ही चौघे कुठे होतात तेव्हा?"

"तिथेच, वहिनी. पंपाच्या खोलीत. फोन तिथेच आहे ना."